मौन पाळून भाषा येते का?

अमेरिकेत अमेरिकन खुणांची भाषा हा विषय आता परकीय भाषेसारखा शिकवला जातो. २०१६ च्या पाहणीत तेथील महाविद्यालये व विद्यापीठांत ती शिकणाऱ्यांची संख्या एक लाखाच्या वर होती. स्पॅनिश आणि फ्रेंच यांच्या खालोखाल तिचा तिसरा क्रमांक लागला. या विद्यार्थ्यांपैकी बहुतेक सगळे ऐकू येणारे. त्यांच्यासाठी पुष्कळ शिक्षक एक शिबिर घेतात. त्याला ‘सायलेंट वीकएंड’ म्हणतात. शुक्रवारी संध्याकाळी मुलांना गावाबाहेर न्यायचे आणि रविवारी दुपारपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. जेवण, खेळ, नाटुकली, गोष्टी, रुसवेफुगवे, सगळे हातांनी. काही ठिकाणी बोलणाऱ्याला दंडही असतो.

२०२१ मध्ये भारतीय सांकेतिक भाषेला माध्यमिक पातळीवर भाषा विषयाचा दर्जा मिळाला. तेव्हा एखादा उत्साही शिक्षक उद्या आपल्या शाळेतही असे शिबिर भरवेल. म्हणून या कल्पनेची पारख करून ठेवलेली बरी.

तिच्यातले चांगले आधी सांगतो. वर्गातला तास पाऊण तासाचा; घंटा झाली की मुले पुन्हा बोलू लागतात. दोन दिवसांत ती सोय नसते. मीठ मागायचे तरी समोरच्याचे लक्ष आपल्याकडे हवे, त्यासाठी खांद्यावर हलकेच थाप मारावी लागते, टेबल ठोकावे लागते, दिवा चालूबंद करावा लागतो. बसायचे ते गोलात, म्हणजे सगळ्यांचे हात सगळ्यांना दिसतात. रात्री शेकोटीपाशी उजेड पुरत नाही तेव्हा दिवा आणावा लागतो. ही भाषा डोळ्यांनी ऐकायची असते हे पुस्तकातून कळते, पण अंगवळणी पडते ते अशा ठिकाणी. (नाव मात्र चुकले आहे. टेबलांची ठोकाठोक आणि हसण्याचा गदारोळ पाहता या शिबिराला ‘मूक’ म्हणणे कठीण. आपल्या ‘मूकबधिर’ शब्दातही हाच दोष आहे. ज्याला भाषा आहे तो मुका कसा?)

आता प्रयोगशाळेतला नेहमीचा प्रश्न विचारू: या प्रयोगात नेमके बदलले काय? आवाज काढून घेतला. त्याच्या जागी घातले काय?

समजा, चाळीस मराठी मुलांना तमिळ शिकवायचे आहे. त्यांना लोणावळ्याला नेले, मराठी बोलायला बंदी केली, पण तमिळ बोलणारे माणूस म्हणाल तर एकटे शिक्षक. काय होईल? मुले आपापसांत तमिळ शब्द मराठी क्रमाने लावतील, अडले की हातवारे करतील आणि दोन दिवसांत एकमेकांच्या चुका पक्क्या करतील. सायलेंट वीकएंडमध्ये हेच घडू शकते. इंग्रजी वाक्य मनात धरायचे आणि त्यातल्या एकेका शब्दाची खूण करत जायचे, ही अमेरिकन खुणांची भाषा नव्हे.

ती स्वतंत्र भाषा आहे हे दाखवले विल्यम स्टोको यांनी. ते गॅलॉडेट कॉलेजात इंग्रजी शिकवत. १९६० मध्ये त्यांनी दाखवून दिले की प्रत्येक खूण हाताचा आकार, जागा आणि हालचाल अशा घटकांत फोडता येते, जसा उच्चार ध्वनींत फोडता येतो. पसरलेल्या पंजाचा अंगठा हनुवटीला लावला की ‘आई’, कपाळाला लावला की ‘वडील’. आकार तोच, फक्त जागा बदलली. व्याकरणाचा मोठा भाग तर चेहऱ्यावर असतो. ‘हो की नाही’ असा प्रश्न विचारताना भुवया वर जातात. ‘कोण, काय, कुठे’ विचारताना त्या आवळल्या जातात. नवशिक्याची बोटे लवकर तयार होतात, भुवया मात्र ढिम्म राहतात. त्या हलल्या नाहीत हे त्याला सांगणार कोण? शेजारी बसलेल्या दुसऱ्या नवशिक्याच्या ते लक्षातही येत नाही. शिक्षक कर्णबधिर असेल तर प्रश्न थोडा सुटतो, पण एक माणूस चाळिसांना पुरत नाही.

येथे कोणी निकाराग्वाचे उदाहरण देईल. मानाग्वात १९७७ मध्ये कर्णबधिर मुलांसाठी शाळा निघाली. शिक्षक स्पॅनिश आणि ओठवाचन शिकवत राहिले, आणि मुलांनी मधल्या सुट्टीत, बसमध्ये, घरून आणलेल्या खुणांच्या देवघेवीतून एक नवी भाषा उभी केली. मग शिबिरातली मुले का नाही करणार? कारण निकाराग्वातल्या मुलांजवळ दुसरी भाषा नव्हती, ती रोज भेटत होती आणि वर्षानुवर्षे भेटत होती. भाषेला खरे व्याकरण चढले ते मागाहून आलेल्या लहानग्यांच्या हाती. आपले शिबिरार्थी रविवारी संध्याकाळी घरी जाऊन फोनवर बोलत असतात.

काही आयोजक याच्याही पुढे जातात. कानात बोळे घालून ‘बहिरेपणाचा अनुभव’ देतात. हे मला सर्वांत खटकते. मिशेल नारिओ-रेडमंड आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अपंगत्वाच्या अशा नकली अनुभवांची तपासणी केली, त्यात कमी ऐकू येण्याचाही समावेश होता. भाग घेणाऱ्यांच्या मनात गोंधळ, ओशाळलेपणा आणि असहायता वाढली. अपंगांशी वागण्याबोलण्याची वृत्ती सुधारली नाही. कानात बोळा घातलेला मुलगा चाचपडतो, कारण त्याला भाषा येत नसते. कर्णबधिर माणसाला ती येते. बोळ्याने शिकवले जाते ते नेमके उलटे.

याहून मोठी गोष्ट जागांच्या वाटपाची आहे. अमेरिकेत नव्वद टक्क्यांहून अधिक कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. घरात खुणांची भाषा कोणालाच येत नाही. पहिली भाषा उशिरा मिळाली तर पुढे काय होते, याचा अभ्यास रेचेल मेबरी यांनी केला. लहानपणी एक भाषा आलेली होती आणि मग ऐकू येणे गेले, अशा व्यक्ती खुणांची भाषा उशिराही चांगली शिकल्या. ज्यांना लहानपणी कोणतीच भाषा धड मिळाली नव्हती, त्या त्याच वयात शिकायला लागूनही मागे राहिल्या. म्हणजे दोन दिवस या भाषेत बुडून राहण्याची खरी निकड आहे ती तीन वर्षांच्या कर्णबधिर मुलाला आणि त्याच्या आईला. जागा मिळते श्रेयांक गोळा करणाऱ्या तरुणाला. १८८० च्या मिलान परिषदेने तोंडी शिक्षणाचा कौल दिल्यावर कित्येक शाळांत कर्णबधिर मुलांना खुणा केल्याबद्दल शिक्षा होत असे. आज ऐकू येणाऱ्या मुलांना बोलल्याबद्दल गमतीने दंड होतो. ही विसंगती शिबिरात एकदा तरी सांगितली जावी.

शिबिर बंद करा असे मला म्हणायचे नाही, माणसे बदला. आपल्याकडे तर हे सुरुवातीपासून नीट करता येईल. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा कोश २०२१ मध्ये दहा हजार शब्दांपर्यंत पोहोचला. तो तयारीला उपयोगी पडेल, शिबिर चालवायला नाही. त्यासाठी जवळच्या कर्णबधिर शाळेचे माजी विद्यार्थी शोधावेत. त्यांना अर्ध्या तासाच्या सत्कारापुरते न बोलावता दोन दिवस मुक्कामाला बोलवावे, दर चार मुलांमागे एक तरी. प्रवासखर्चाबरोबर मानधनही द्यावे, इंग्रजीच्या तज्ज्ञाला देतो तेवढेच. आणि वीस खोल्या असतील तर निम्म्या कर्णबधिर मुलांच्या आईवडिलांसाठी आणि भावंडांसाठी राखून ठेवाव्यात.