लिअर, बेलवलकर आणि क्षमा
अभिजात इंग्रजी नाटकांत सत्तालोभ, मत्सर, सूड हे विषय वारंवार येतात. परंतु मराठी प्रेक्षकाच्या काळजाला विशेष भिडला तो बाप आणि लेकरे यांच्यातील दुरावा. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’वर शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ची छाया आहे, हे सर्वश्रुत आहे. १९७० साली डॉ. श्रीराम लागू यांनी रंगमंचावर उभे केलेले गणपतराव बेलवलकर लिअरप्रमाणेच सर्वस्व मुलांना वाटून देतात आणि बेघर होतात.

मात्र एक भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो. लिअर आधी स्वतःच अन्याय करतो. खरे बोलणाऱ्या कॉर्डेलियाला तो घालवून देतो आणि पुढे तिच्यासमोर गुडघे टेकू पाहतो, क्षमा मागतो. बेलवलकरांच्या घरी कॉर्डेलिया नाही. तिची माया त्यांना बूटपॉलिश करणाऱ्या राजाकडून, एका परक्याकडून मिळते. म्हणून ‘नटसम्राट’ पाहून सीवूड्सला परतणारा प्रेक्षक डोळे पुसतो आणि मुलांना दोष देतो. ‘लिअर’ बापालाही जाब विचारतो.

आमच्या वसाहतीतील सदनिकांतही आईवडील आणि मुले एकमेकांच्या पहिल्या शब्दाची वाट पाहत अबोल राहतात. त्यांच्यासाठी बेलवलकरांच्या दुःखाइतकेच लिअरचे ते गुडघे टेकणेही मराठी रंगभूमीवर यायला हवे.