‘प्रकाशकळ’ या संज्ञेविषयी काही आक्षेप

1990 साली जॅकलिन बार्टन, निकोलस टरो, झाँ-पिएर सोव्हाझ आदी संशोधकांनी रुथेनियमच्या एका जटिल संयुगाचे वर्णन डीएनएसाठीची ‘रेण्वीय प्रकाशकळ’ असे केले. हे संयुग पाण्यात असता त्याची दीप्ती जवळजवळ दिसत नाही. डीएनए मिसळताच ते तांबूस-नारिंगी प्रकाशाने उजळते. नाव आकर्षक होते. जिवंत पेशीचे अंतरंग पाहण्यासाठी योजिल्या जाणाऱ्या धातुयुक्त दीप्तिमान रेणूंविषयीच्या लेखनात आज ते पारिभाषिक संज्ञेच्या योग्यतेस पोचले आहे. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र असल्याने प्रयोगांच्या गुणदोषांचा निवाडा देण्याचा अधिकार त्यास नाही. परंतु हे नाव वाचकाच्या मनात कोणते अनुमान पेरते, याची तपासणी त्यास अवश्य करता येईल.

कळ म्हटली की चालू व बंद अशा दोनच स्थिती आल्या, आणि ती दाबणारे बोटही आले. प्रत्यक्षात काय घडते? संयुगाच्या एका लिगंडाचा सपाट, लांबट भाग डीएनएच्या लगतच्या बेसजोड्यांमध्ये शिरतो. त्या भागावरील नायट्रोजन-अणूंशी पाण्याचे रेणू एरव्ही हायड्रोजन-बंध जोडतात आणि शोषलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडण्यापूर्वीच उष्णतेत विरते. डीएनएच्या कुशीत पाण्याचा हा उपद्रव थांबतो. म्हणजे डीएनए दिवा लावीत नाही. विझवणाऱ्यास तो दूर ठेवतो. वाऱ्यात निरांजन नेताना आपण हाताचा आडोसा धरतो, त्या जातीची ही क्रिया होय. (विझलेले निरांजन आडोशाने पुन्हा पेटत नाही, तेव्हा हेही रूपक फार ताणू नये.)

हा भेद केवळ शब्दच्छल नव्हे. आडोसा डीएनएच देऊ शकतो असे नाही. पाण्यापासून संरक्षण देणारे स्निग्ध पटलही तो देते. ‘कळ’ हा शब्द मनात धरून छायाचित्र पाहणारा विद्यार्थी मात्र जेथे उजेड तेथे डीएनए, आणि जेथे अंधार तेथे त्याचा अभाव, असे वाचतो. ही दोन्ही वाचने सदोष आहेत. पकेट व बार्टन यांनी 2007 साली या वर्गातील संयुगे हेला पेशींत कशी शिरतात हे तपासले, तेव्हा त्यांतील स्नेहप्रिय संयुगाची दीप्ती मुख्यतः पेशीद्रव्यात आढळली. केंद्रक काळोखे दिसले, याचा अर्थ तेथे डीएनए नव्हते असा कोण करील? शिवाय 2002 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तापमान पालटूनही ही दीप्ती कमीअधिक करता आली. उजळ व निस्तेज अशा दोन उत्तेजित अवस्थांमध्ये तराजू हलत असतो, हे त्यातून दिसते. तराजूला कळ म्हणणे कठीण.

उलटपक्षी, 2009 साली शेफील्ड येथील गिल, टॉमस आदींनी केलेले काम पाहावे. दोन रुथेनियम-केंद्रे असलेल्या संयुगाने त्यांनी जिवंत पेशीच्या केंद्रकातील डीएनए दाखविले. परंतु तेच संयुग त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठीही वापरले. तेथे दीप्तीचा प्रश्नच उद्भवत नाही. जड धातूमुळेच चित्रात उठाव येतो. प्रकाशाची साक्ष प्रकाशाबाहेरच्या साक्षीने पडताळून पाहण्याची ही शिस्त प्रस्तुत लेखकास त्या संयुगाहूनही मोलाची वाटते.

‘प्रोब’ या शब्दाचे आपण काय केले, तेही पाहू. ‘शोधक’ हा प्रतिशब्द प्रचारात आहे. त्यात शोधनाचा, म्हणजे शुद्धीकरणाचा, अर्थ डोकावतो, हा दोष किरकोळ मानता येईल. खरी उणीव अशी की शोधक केवळ पाहतो, स्पर्श करीत नाही, असा भास होतो. सामान्य सेंद्रिय रंजकांची दीप्ती काही नॅनोसेकंदांत मावळते, तर या धातुसंयुगांची शेकडो नॅनोसेकंद, क्वचित मायक्रोसेकंदही टिकते. त्यामुळे पेशीची स्वतःची दीप्ती ओसरू देऊन मग नोंद घेता येते, आणि हा या संयुगांचा मोठा गुण मानला जातो, तो योग्यच आहे. परंतु तेवढ्याच दीर्घ उत्तेजित अवस्थेत ऑक्सिजनची गाठ पडते, ऊर्जा त्याच्याकडे जाते आणि एकक-अवस्थेतील दाहक ऑक्सिजन निर्माण होतो. कर्करोगावरील प्रकाशोपचारात हाच परिणाम हेतुपुरस्सर साधतात. पाहण्यासाठी टाकलेला प्रकाश पाहिल्या जाणाऱ्या पेशीस इजा करू शकतो, हे ‘शोधक’ सांगत नाही.

सुश्रुतसंहितेत व्रणाची खोली पाहण्याच्या शलाकेस ‘एषणी’ म्हटले आहे. तिचा स्पर्श रोग्यास जाणवतो. ती आत शिरते. शब्द जुना आहे व विद्यार्थ्यांस प्रथम अडखळवील, हे मान्य. तरी परिभाषा ठरविणाऱ्यांनी त्याचा विचार करावा. तूर्त निदान आपल्या प्रबंधांतील चित्रांखाली ‘येथे डीएनए आहे’ असे न लिहिता ‘येथे संयुग दीप्त झाले’ एवढेच लिहावे, आणि प्रकाश किती वेळ टाकला व त्यानंतर पेशी जिवंत होत्या काय, हे त्याच ओळीत नोंदवावे.