हॉवर्ड-वाड यांचं पुस्तक: खत सिद्ध झालं, जमिनीचं काय?

कंपोस्टवर सिनॉप्सिस लिहिताना बरेच जण ‘इंदूर पद्धत’ एका ओळीत उरकतात आणि नाव फक्त अल्बर्ट हॉवर्ड यांचं देतात. शेतीतल्या टाकाऊ मालापासून ह्यूमस करण्यावरचं ते मूळ पुस्तक १९३१ चं. त्यावर नावं दोन आहेत: हॉवर्ड आणि यशवंत वाड. ते मुळातून वाचा, पण पेन्सिल हातात घेऊन.

पुस्तकाची ताकद म्हणजे कृतीचं वर्णन. पऱ्हाटी लवकर कुजत नाही, म्हणून ती रस्त्यावर टाकून बैलगाड्यांखाली चिरडायची, मग गोठ्यात बैलांखाली अंथरायची. मूत्र मुरलेली माती आणि राख मिसळायची, ओल राखायची, ठरल्या वेळी ढीग उलटायचा. तीनेक महिन्यांत खत तयार. कर्ब-नत्र गुणोत्तर का उतरतं, हवा का लागते, हे सगळं पटेल असं मांडलंय. दुसऱ्या कुणालाही हा प्रयोग पुन्हा करता येईल.

अडचण पुढे आहे. खत चांगलं झालं हे एक विधान. त्यानं जमीन सुधारली हे दुसरं. पहिल्याला पुरावा भक्कम आहे, दुसऱ्याला तसा नाही. तुलनेची सोय तेव्हा नव्हती असंही नाही. रोथमस्टेडला शेणखताचे आणि बिनखताचे पट्टे १८४३ पासून शेजारी-शेजारी होते, फिशर यांचं संख्याशास्त्राचं पुस्तक १९२५ चं. हॉवर्ड यांना मात्र छोट्या प्लॉटवरचं संशोधनच मान्य नव्हतं. १९४० च्या पुस्तकात त्यांनी त्यावर उघड टीका केली.

दुसरा प्रश्न हिशोबाचा. पऱ्हाटी दहा एकरांतून आणली आणि खत दोन एकरांत टाकलं, तर उरलेल्या आठ एकरांचा कर्ब कुठे गेला?

समजा, रनाळे परिसरातल्या कोरडवाहू कापसाच्या शेतात तुम्ही हाच विषय घेतलात. तिथे शेण आणि पाणी किती मिळेल, हे आधी विचारा. मग एकाच शेतात खताचे आणि बिनखताचे पट्टे पाडा, त्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा, प्रत्येकाची पुनरावृत्ती ठेवा. खत टाकण्याआधीचा मातीचा नमुना घेतलाच पाहिजे. एका हंगामात उत्पन्न वाढलं तर तेवढंच लिहा. सेंद्रिय कर्ब हळू बदलतो. ‘जमीन सुधारली’ हे वाक्य काही वर्षांच्या मोजमापानंतरच लिहायचं.