लाल परीचं माप

सनबोर्डची एसटी बनवणारी पोरं आता महाराष्ट्रात गावोगावी दिसतात. दार उघडतं, आतला दिवा लागतो, पाटीवर ‘अक्कलकोट–दुधनी’ सुबक अक्षरांत असतं. ही चिकाटी मला मनापासून आवडते. तरीही यातली बरीच मॉडेलं चार पावलं मागे सरून पाहिली की एसटी वाटत नाहीत. तपशील वाढत गेला, माप मागे राहिलं.

बसची ओळख पटते ती आधी चाकांमधल्या अंतरावरून. अशोक लेलँडच्या वायकिंग चासीचा व्हीलबेस 222 इंच. 1:24 प्रमाणात तो सव्वानऊ इंच, म्हणजे साडेतेवीस सेंटिमीटर होतो. मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे निघणारी शेपूट व्हीलबेसच्या 60 टक्क्यांहून लांब नको, असा मोटार वाहन नियम आहे. मॉडेलवर ती जेमतेम 14 सेंटिमीटर भरते. एक खिडकी जास्त बसवायचा मोह झाला की शेपूट वाढते आणि आरटीओ कधीच पास करणार नाही अशी गाडी तयार होते.

दुसरा दोष जाडीचा. 3 मिलिमीटरचा सनबोर्ड 24 ने गुणा: 72 मिलिमीटर! पत्र्याच्या गाडीला घराच्या भिंतीएवढी जाडी येते आणि खिडक्या भरड दिसतात. सांगाडा खुशाल सनबोर्डचा करावा, पण अंगाला पातळ कार्डशीट लावावी, खिडकीच्या कडा आतून तिरक्या तासाव्यात. ऑइलपेंटचा जाड, चकचकीत थरही घात करतो. छोट्या वस्तूवर तोच लाल रंग अधिक गडद दिसतो. तो किंचित उजळ आणि कमी चमकीचा हवा.

मग येतो तपशील, आणि तोही एकमेकांशी जुळणारा हवा. अ‍ॅल्युमिनियम बांधणीच्या ‘परिवर्तन’ गाडीच्या अंगावर रिव्हेटांच्या रांगा असतात, नंतरच्या माइल्ड स्टीलच्या गाडीचं अंग बरंच सपाट. दोन्हींची सरमिसळ केलेली मॉडेलं सर्रास दिसतात. नंबरप्लेटचंही तसंच. एसटी महामंडळाने स्वतः बांधलेल्या गाड्यांचं पासिंग बहुधा कार्यशाळेचं असतं: दापोडीची एमएच-14, चिकलठाण्याची एमएच-20, नागपूरची एमएच-40. जिल्ह्याच्या अभिमानाने तिथे सोलापूरचं एमएच-13 लावलं की जाणकाराला ते लगेच खटकतं.

दुधनीसारख्या सीमेवरच्या गावातल्या मुलांना इथे एक मोठी सोय आहे. या पट्ट्यात कलबुर्गीकडच्या कर्नाटकी गाड्याही फिरतात. सारख्याच जातीच्या चासीवर दोन राज्यांनी अंग कसं वेगळं चढवलं, हे पाहता पाहता नजर तयार होते.

नेमक्या मापासाठी जपानच्या तामिया या मॉडेल बनवणाऱ्या कंपनीने 1976 च्या आपल्या पॉर्श 934 च्या मॉडेलसाठी अख्खी पॉर्श 911 गाडी विकत घेऊन सुटी केली होती. पुन्हा जोडायला पॉर्शचे मेकॅनिक लागले. आपल्याला तेवढं करायला नको. स्थानकात गाडी दहा मिनिटं उभी असते; चालक-वाहकांना विचारून टेप लावता येतो.

1 जून 1948 ला पुणे–अहमदनगर धावलेल्या पहिल्या बेडफर्ड बसचं मॉडेल करायचं तर जुन्या फोटोंवरून अंदाज बांधावा लागतो. ‘परिवर्तन’ गाड्या अजून हाताशी आहेत, पण एकेक करून भंगारात चालल्यात. खिडकीची उंची, दाराची रुंदी, पायऱ्यांमधलं अंतर, मागच्या शिडीचे गज हे सगळं मोजून, आराखडा काढून एकमेकांना द्यायला हवं, आणि ते याच वर्षी.