चौथऱ्याची बखर कोणी लिहावी?

आमच्या ऐतिहासिक कादंबरीविषयी तक्रार होते ती बहुधा सनावळीची. सनावळी दुरुस्त करता येते. आमची तक्रार निराळी आहे. या कादंबरीत माणसे हजारांनी पडतात, पण मरत कोणीच नाही. तलवारी लखलखतात, गनीम कापला जातो आणि प्रकरण संपते. हिंसा हाच जिचा मुख्य विषय, तिला हिंसेविषयी काहीच म्हणावयाचे नसावे, हे नवल होय.

हा दोष राजलेखांइतका जुना आहे. असुरियाचा राजा असुरनासिरपाल शत्रूंच्या मुंडक्यांचे ढीग अभिमानाने कोरून ठेवतो. आमच्या जुन्नर तालुक्यातील नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात अश्वमेध, राजसूय आणि दान दिलेल्या हजारो गाईंचा हिशेब मिळतो. राज्य वाढताना पडलेल्या माणसांचा मिळत नाही. नाशिकच्या लेखात गौतमी बलश्री आपल्या पुत्रास क्षहरातांचा वंश निर्मूल करणारा म्हणते, आणि त्याच दमात अपराधी शत्रूच्याही हिंसेची रुची नसलेला म्हणते! त्याच क्षहरात नहपानाचा अमात्य अयम याने जुन्नरच्या मानमोडी डोंगरात पाण्याचे टाके व मंडप दान दिल्याचा लेख आजही वाचता येतो. निर्मूल झालेल्यांतही तहानलेल्यांची काळजी वाहणारे होते. आमच्या कादंबरीतील शत्रूला मात्र कधी कोणाची तहान दिसत नाही.

अशोकाचे काय, असे कोणी विचारील. कलिंगात लाख मेले, दीड लाख देशोधडीला लागले, हे त्याने स्वतःच सांगितले आणि पश्चात्ताप व्यक्त केला. राजलेखांत हे अपूर्व आहे. पण तो तेरावा लेख कलिंगातील धौली व जौगड येथे कोरलेलाच नाही! ज्यांची घरे उद्ध्वस्त झाली, त्यांच्यापुढे तो वाचला जाऊ नये, अशीच ही व्यवस्था दिसते.

आमचे बखरकार निदान आडपडदा ठेवीत नाहीत. १६५७ साली शिवाजीराजांनी मोगलांचे जुन्नर लुटले. सभासद दोनशे घोडी आणि तीन लाख होनांची मत्ता सांगून मोकळा होतो. स्वराज्याला घोडी हवी होती, यात वाद नाही. परंतु ज्या पेठेतून ती मत्ता गेली, त्या पेठेतील एखादा वाणी कादंबरीत उभा राहिला, तर राजांचे माहात्म्य उणे होईल काय? आमच्या मते वाढेल. किंमत ठाऊक असूनही जो पाऊल उचलतो, तोच कादंबरीचा नायक होण्यास योग्य.

याच राजांच्या जन्मभूमीवर, शिवनेरीवर, कोळी चौथरा आहे. त्याच शतकात मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांची तेथे कत्तल झाली आणि मुंडक्यांवर चौथरा बांधला गेला, असे परंपरा सांगते. आकडे निरनिराळे सांगतात. मेलेल्यांनी स्वतःविषयी लिहिलेले एक अक्षरही हाती नाही. इतिहासकार येथे थांबतो, ते योग्यच. कादंबरीकाराचे काम मात्र येथूनच सुरू व्हावयास हवे. आणि आम्ही तर पुन्हा सरदारांच्या वाड्यात शिरतो.

उलट बाजूचा मोहही सांगितला पाहिजे. आंबेगाव तालुक्यातील जांभोरीचा होन्या केंगले १८७३ च्या सुमारास सावकारांवर उठला आणि १८७६ साली पकडला गेला. सरकारी कागदांत तो दरोडेखोर. उद्याच्या कादंबरीत तो निखळ देवमाणूस होईल. परंतु या बंडात सावकारांची नाके कापली गेली. गहाणखताखाली चिरडलेल्या कुणब्या-कोळ्यांचा संताप आणि नाक कापलेल्या माणसाची किंकाळी ही दोन्ही एकाच पानावर मावतील, तेव्हा ती कादंबरी खरी.

शौर्य लिहू नये, असे आमचे म्हणणे नाही. शाळेतली पोरे शिवनेरीवर जातात, शिवाईला नमस्कार करतात, जयजयकार करतात. तो त्यांचा हक्क आहे. पण त्यांपैकी एखादे पोर चौथऱ्यापाशी थबकून “हे कोण होते?” असे विचारील, तेव्हा त्याच्या हाती देण्याजोगे एकही पुस्तक आमच्यापाशी नसावे, ही शरम इतिहासाची नव्हे, आम्हां लेखकांची आहे.