कुऱ्हाड नक्की कशासाठी होती?

‘मास्टर अँड कमांडर’ (2003) पाहिलाय? त्यातलं केप हॉर्नजवळचं वादळ आठवा. डोलकाठी मोडते आणि वॉर्ली नावाचा खलाशी समुद्रात पडतो. मोडकी काठी आणि शिडं दोरखंडांना लटकून जहाजाला एका बाजूला ओढतायत, आणि वॉर्लीला पोहून गाठता येईल असा आधारही तेवढाच आहे. कॅप्टन ऑब्री कुऱ्हाड उचलतो. सोबतीला वॉर्लीचा जिवलग मित्र नेगल. दोघं दोर तोडतात. जहाज वाचतं, वॉर्ली मागे राहतो.

माझ्या मते, नौदलाची कुऱ्हाड पीटर वेअरला तोफांच्या लढाईपेक्षा इथे जास्त कळलीय.

संग्राहक तिला ‘बोर्डिंग ॲक्स’ म्हणतात: शत्रूच्या जहाजावर चढून जायची कुऱ्हाड. ते खोटं नाही. पण कोसळलेले दोर कापणं, पेटलेलं सामान ओढून काढणं, हेही तिचंच काम. बाजारात मात्र रक्ताची गोष्टच खपते. म्हणून अग्निशमन दलाच्या जुन्या कुऱ्हाडीही ‘बोर्डिंग ॲक्स’ म्हणून विकल्या जातात. दोन्हींत एका बाजूला पातं, दुसऱ्या बाजूला अणकुचीदार टोक; दांड्यावर लोखंडी पट्ट्याही दोन्हींत सापडतात. साहजिकच आहे, कामच सारखं होतं!

मग ओळखायची कशी? एका खुणेवर भिस्त ठेवू नका. फ्रेंच 1833 मॉडेलला कमरेला अडकवायचा हूक असतो. काही जुन्या अमेरिकन कुऱ्हाडींच्या पात्याखाली खाचा असतात. जळते दोर ओढण्यासाठी, असं मानलं जातं. ब्रिटिश ‘ब्रॉड ॲरो’चा बाण दिसला की लोक हुरळतात, पण तो सगळ्याच सरकारी मालावर मारायचे. त्यातून मालकी कळते, जहाज नाही.

चित्रपटाबद्दल एक तक्रार आहेच. पुढे नेगलचा राग होलम या दुबळ्या अधिकाऱ्यावर निघतो, होलम अपशकुनी ठरतो, आणि नेगलच्या हातातली कुऱ्हाड विसरली जाते. संग्राहकांचं लेबलही तेच करतं. ‘शस्त्र’ म्हटलं की समोर फक्त शत्रू दिसतो. आपल्याच माणसाचा दोर तोडावा लागलेला खलाशी दिसत नाही.

तेव्हा एखाद्या संग्रहालयात अशी कुऱ्हाड दिसली, तर तिने किती डोकी फोडली हे नंतर विचारा. आधी विचारा, तिने कोणते दोर तोडले असतील?