घराच्या आतली जात

दलित साहित्यावर लिहिताना आपले समीक्षक गावकूस, पाणवठा, झोपडपट्टी या जागांवर रेंगाळतात. घरात शिरत नाहीत. विद्रोह घराबाहेर घडतो आणि घर ही विसाव्याची जागा, ही समजूत मुळात पांढरपेशा कुटुंबकथेची. ती आपण उसनी घेतली आणि आपल्याच लेखकांवर लादली, असे माझे मत आहे.

बाबुराव बागुलांची 'विद्रोह' ही कथा घ्या. जयला शिकायचे आहे. बापाचे मैला उचलण्याचे काम त्याने पुढे चालवावे, असा आग्रह धरणारा इथे कोणी सवर्ण नाही, घरच आहे. मनूचा कायदा आईबापाच्या तोंडून बोलतो. तरी बागुल त्यांना खलनायक करीत नाहीत, कारण चूल विझण्याची त्यांची भीती खरी आहे. जात इथे शिवी होऊन येत नाही, भाकरी होऊन येते, म्हणूनच ती नाकारणे इतके अवघड. पुढे लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे महाराष्ट्रात सफाई कामगारांच्या वारसाला नोकरी मिळण्याची सोय झाली. ती सोय अनेक घरांना तारणारी ठरली, आणि झाडू त्याच घरात राहिला. जयचा पेच त्यामुळे जुना होत नाही.

'आई' या कथेत तर बागुल आणखी आत जातात. शाळेत मातेच्या थोरवीची कविता चालली आहे आणि वर्गातली पोरे एका मुलाला त्याच्या आईवरून टोचताहेत. संशयी, क्षयी नवऱ्याचा मार खाल्लेली ही विधवा मुकादमाच्या आधाराला जाते. मुलगा पळतो. मराठी वाङ्मयात आईची जी देवघरातली मूर्ती आहे, तिच्याशेजारी ही बाई उभी केली की ती मूर्ती कोणत्या वर्गाच्या पैशावर घडली हे कळते. पवित्र राहायलाही घरात धान्य लागते.

'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ चा. त्याच नावाच्या कथेतला नायक परमुलखात नोकरीवर जातो, खोलीसाठी जात लपवतो आणि उघडकीस आल्यावर मार खातो. गारखेड्यात राहणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला ही कथा इतिहासजमा वाटत नाही. इथे खोली पाहायला गेलो तेव्हा भाड्याच्या आकड्याआधी आडनाव विचारले गेले. मार नाही, शिवी नाही. "कळवतो" एवढाच शब्द. पगार वाढला की वर्ग बदलतो, आडनाव बदलत नाही. आपल्या कथेने या "कळवतो"कडे अजून पुरेसे पाहिलेले नाही.

नाटकात घराचा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. याच शहरात मिलिंद महाविद्यालयात १९५५ साली बाबासाहेबांसमोर म. भि. चिटणीसांचे 'युगयात्रा' झाले. त्याचा नायक म्हणजे युगानुयुगांचा समाज. दिवाणखाना आपल्या रंगभूमीवर यायला पुढची तीसेक वर्षे लागली, आणि त्याआधी तो दुसऱ्याच कोणाच्या तरी घरचा म्हणून आला. विजय तेंडुलकरांचे 'कन्यादान' १९८३ चे. ज्योती देवळालीकर दलित कवी अरुण आठवलेशी लग्न करते, मार खाते, आणि शेवटी बापाचा आदर्शवाद बापाच्याच पदरात टाकून नवऱ्याकडे जाते. नाथ देवळालीकरांच्या ढोंगाची चिरफाड तेंडुलकरांनी निर्दयपणे केली आहे, हे मी मान्य करतो. दलित पुरुष बायकोला मारतो हे दाखवू नये, असेही मी म्हणणार नाही. बागुलांनी ते आधीच दाखवले होते. माझा आक्षेप जागेला आहे. नाटक नाथच्या घरात घडते. अरुणचे आईबाप रंगमंचावर येतच नाहीत. त्याची हिंसा आपण पाहतो, तिच्यामागचे घर पाहत नाही. मग प्रेक्षक ती हिंसा जातीच्या खात्यावर जमा करून मोकळा होतो.

दत्ता भगतांच्या 'वाटा पळवाटा'त जवळपास तेच लग्न आहे: प्राध्यापक सतीश आणि ब्राह्मण घरातली हेमा. पण घर सतीशचे आहे. तिथे बाबासाहेबांच्या चळवळीत घडलेले काका आहेत, आणि सतीशच्या सावध शहाणपणाला पळवाट समजणारा तरुण अर्जुन आहे. तीन पिढ्या एका छताखाली भांडतात आणि कोणालाही उठून दुसऱ्या घरी जाता येत नाही. नामांतराच्या लढ्यात पोळलेल्या मराठवाड्यात, १९७८ नंतर, हे भांडण किती घरांतून झाले असेल! तरीही एक उणीव सांगितली पाहिजे. वाद पुरुषांचा राहतो. हेमाच्या मनात काय चालले आहे याला नाटककाराने वादाच्या मानाने थोडी जागा दिली आहे.

ती जागा ऊर्मिला पवारांच्या कथेने घेतली. 'कवच' मधला मुलगा आंबे विकणाऱ्या आईवर होणाऱ्या द्वयर्थी विनोदांनी शरमलेला आहे. बागुलांच्या 'आई'तल्या मुलाचीच ही जात आणि हीच लाज. पण इथली आई बाजारात उभी राहून त्या पुरुषांना त्यांच्याच भाषेत गप्प करते, आणि मुलगा ते ऐकतो. बागुलांच्या आईला उत्तर द्यायला कोणी तोंडच दिले नव्हते.